सुटलेले तीन झेल

बाबा, एप्रिलमध्ये स्टॅनमोरच्या आमच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम झाला. दचकू नका, मला मुलगी नाही. बघायला आले होते ते तुमच्या नातवाला, ज्याला तुम्ही कधी पाहिलंच नाहीत. आणि आला होता तो एकटाच माणूस, सव्वासहा फूट उंच, अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल कोच. आपला फुटबॉल नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या आणि हातात अंड्यासारखा बॉल घेऊन पळतात, तो. "पायाने खेळत नाहीत, मग फुटबॉल कसला?" असं तुम्ही विचारणारच, पण त्याचं उत्तर तो खेळ खेळणाऱ्यांनाही येत नाही. आमचे चिरंजीव रिसीव्हर आहेत. म्हणजे कुणीतरी लांबून फेकलेला बॉल धावता धावता झेलायचा आणि मग अंगावर येणाऱ्या चार रेड्यांना चुकवायचं. एवढं चांगलं जमलं तर तिकडे कॉलेजात जागा देतात म्हणे. आपल्यात ह्या वयाच्या मुलाच्या अंगावर रेड्यांऐवजी फिजिक्स सोडतात, एवढाच फरक.

मी पोहे केले. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप कांद्याकडे गेला. कोचने दारात बूट काढले, होड्यांएवढे, मला "मॅम" म्हणाला आणि खिशातून टेप काढली. मुलाचा पंजा डायनिंग टेबलावर पसरायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला. मग त्याला किचनच्या दाराला पाठ लावून उभा केला. "फॉर्मवर सहा फूट लिहिलंय. हा पाच-अकरा आहे," तो म्हणाला. तुमचे जावई म्हणाले, "सकाळी सहा असतो." मग त्याने जावयांची उंची विचारली, आणि माझ्याकडे वळून, "मॅम, तुमच्या बाजूचे पुरुष उंच आहेत का?" मी पोह्यांवर खोबरं भुरभुरवत होते. हात थांबला. हा प्रश्न मी ह्याआधी सात वेळा ऐकला होता, बाबा, फक्त तेव्हा मोजली जात होते मी.

बेसिंगस्टोकची ती पुढची खोली आठवते? गॅसची शेगडी, सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर, आणि त्यावर ओळीने येऊन बसलेले सात डॉक्टर, एकेका महिन्याला एकेक, आपापल्या आयांसकट. तुम्ही हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत होता आणि रविवारी ते काम घरी आणत होता. "चष्मा काढून बस. उजेडाकडे तोंड कर. विचारतील तेवढंच सांग." माझा नंबर उणे सहा. समोर कोण बसलंय, माणूस की टांगलेला कोट, मला कळत नसे. मी त्या सातांपैकी सहा जणांना आजतागायत पाहिलेलं नाही. त्यांनी मला नाकारलं म्हणतात. नाकारलं असेल, पण ओळखायला सांगाल तर मी रस्त्यात एकालाही ओळखणार नाही. अपमानातली ही सोय तुमच्यामुळेच झाली, हे मान्य करते.

आणि तो मंडळाचा अंक! कुणाच्या आईने नजर तपासायला सुईत दोरा ओवायला सांगू नये म्हणून तुम्ही तोड काढलीत. टीपॉयवर मंडळाचा जुना अंक ठेवायचा, पहिल्या पानावरचा पहिला परिच्छेद मला पाठ करायला लावायचा, आणि चहा झाला की सहज म्हणायचं, "वाच गं जरा, हिचं मराठी इथे राहूनही कसं आहे ते ऐका." पाच वेळा मी तो परिच्छेद वाचला. गणेशोत्सवाचा अहवाल होता, आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. सहाव्या वेळी एडिनबराहून आलेल्या बाई खूश होऊन ऐकत होत्या, आणि त्यांचा मुलगा खोकल्याचं निमित्त करून हसत होता. मी अंक उलटा धरला होता. पाहुणे गेल्यावर तुम्ही किचनमध्ये आलात. आई कप धूत होती, तिने नळ मोठा सोडला. "कागद उलटा आहे, एवढंही दिसलं नाही तुला?" नाही दिसलं, बाबा. तेच तर आपण लपवत होतो ना! हे वाक्य मी तेव्हा गिळलं. पंचवीस वर्षं ते पचलेलं नाही, म्हणून आज इथे ठेवते. पुढच्या आठवड्यात पोस्टाने पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका मागितलीच नव्हती त्यांनी.

सातवे तुमचे जावई. त्यांनी मला वाचायलाच लावलं नाही. वाकून म्हणाले, "नाकावर खुणा आहेत. चष्मा कुठाय? आणा ना, मलाही नीट बघून घ्या." तुम्ही लग्नात सगळ्यांना सांगत होता की तुमची योजना यशस्वी झाली. मी स्टेजवर चष्मा लावून बसले होते, काच चमकेल, तिला तो काढायला सांगा, असं तुम्ही फोटोग्राफरला म्हणालात, आणि मी काढला नाही. तो आपला शेवटचा वाद. तुम्ही त्यानंतर तीन वर्षं होता, पण वाद घातला नाहीत. फोटो बघितलात की नुसतं पान उलटायचात.

तर एप्रिल. कोचला आम्ही डीव्हीडी लावून दिली. आठ मिनिटांची, मुलाचे सगळे उत्तम झेल, मागे संगीत. लग्नाळू मुलीचा फोटोच म्हणा ना, फुलदाणीशेजारी बसवून काढलेला. कोच पोहे खात शांतपणे बघत राहिला. संपल्यावर म्हणाला, "छान. असं सगळेच पाठवतात. मला अख्खी मॅच दाखवा. वाईटात वाईट असेल ती." वाईटात वाईट फेब्रुवारीतली होती, गारा पडत असतानाची, जिच्यात त्याने तीन झेल सोडले होते. ते तिन्ही डीव्हीडीतून कापले गेले होते. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानात तुम्ही बोललात, अगदी स्पष्ट, विचारतील तेवढंच सांग. आणि ह्या वेळी नेमकं तेच विचारलं होतं!

"आई," मुलगा म्हणाला, "तो गारावाला मॅच आहे ना? तू ठेवला कुठेतरी."

मी उठले. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून कॅमेऱ्याची टेप काढली आणि स्वतः लावली. तुमच्या देखत लावली असं समजा, बाबा. बघा म्हटलं, सगळेच बघा.

पहिला झेल बोटांना लागून गेला. दुसरा छातीवर आपटला. तिसऱ्याला त्याने बॉल हातात यायच्या आधीच पुढे कुठे पळायचं ते बघितलं. कोचने तिसरा दोनदा मागे नेऊन पाहिला. मग टेप तशीच पुढे चालू दिली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. झेल सुटलाय, मान खाली नाही. दुसऱ्याकडे बॉल गेला तर हा धावत जाऊन त्याच्यासाठी माणूस अडवतोय." मग त्याने रिमोट खाली ठेवला, आणि माझ्याशी नाही, जावयांशी नाही, मुलाशी बोलला. "झेलणं मी शिकवू शकतो. पळायला सुरुवात करतानाचं पहिलं पाऊल मंद आहे तुझं, ते मला शिकवता येत नाही. मी तुला जागा देणार नाही, सन. हे पत्रातून कळवण्यापेक्षा इथेच सांगतो."

मुलाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "ओके. थँक्स फॉर टेलिंग मी, सर." मग, "आई, अजून पोहे आहे?"

पोहे होते. दोघांनी मिळून कढई पुसली. मी किचनमध्ये जाऊन नळ मोठा सोडला.

बघितलंत? नकार तोंडावर ऐकून माणूस मरत नाही. कारण सांगितलं तर ते जवळ ठेवता येतं, कामाला येतं. आता तो एडिनबरालाच शिकतो, युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळतो, आणि फोनवर पहिल्या पावलाबद्दल इतकं बोलतो की मला वाटतं तो पुन्हा चालायला शिकतोय. तुम्ही मला सहा नकार आणून दिलेत, खरं कारण एकाचंही नाही. पत्रिका! तुम्हाला माझी लाज वाटत होती असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता वाटतं, कदाचित भीती असेल. पण भीती होती म्हणून मी सोडणार नाही तुम्हाला. भीती वाटली तर वाटू द्यायची होती, मला चष्मा लावू द्यायचा होता.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्न नाही. ते टाकायचं नव्हतंच. अडचण वेगळी आहे. त्या दिवशी कोच गेल्यावर मुलाने विचारलं, "आई, ते तीन ड्रॉप्स कोणी कट केले?" त्याच्या स्वरात राग नव्हता, नुसतं विचारत होता. मी कढई घासत होते. म्हटलं, "डॅडला विचार."

कापले मीच होते, बाबा. दुपारभर बसून, चष्मा लावून, नीट बघून.