ओढ्याच्या काठचं टोक

सॅन सबा, टेक्सस
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१९

प्रिय डार्ला,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. कामात होतो म्हणून उत्तर राहिलं असं लिहिणार होतो, पण मला आता कामं कसली? सकाळी कोंबड्यांना दाणे टाकतो, पेकानच्या झाडाखाली वाकून बादलीभर अक्रोडासारखे पेकान वेचतो, मग कंबर धरून बसतो. यंदा बहर चांगला आहे, दाणा मात्र बारीक. तुझी आई म्हणाली असती, "केकला चालतील." मला केक येत नाही. बादल्या पोर्चमध्येच पडून आहेत. खारींची चंगळ चाललीय.

डावा गुडघा बरा आहे. उजव्याचं विचारू नकोस.

खणायला अजून जातो, एकही शनिवार चुकवत नाही. लॉयडने त्याच्या रानातली ओढ्याकाठची जागा माझ्यासाठी बंद केलेली नाही, फाटकालाही कुलूप घातलेलं नाही. तो स्वतः तेवढा येत नाही. बत्तीस वर्षं आम्ही त्या काळ्या, तुपकट मातीत बरोबर खणलं. तू लहानपणी पाहिलंयस सगळं. एकाने फावडं मारायचं, दुसऱ्याने चाळण हलवायची. इथल्या मूळ रहिवाशांनी घडवलेलं बाणा-भाल्याचं दगडी टोक अखंड निघालं की "आलं!" म्हणून ओरडायचं आणि ते आधी दुसऱ्याच्या हातात द्यायचं. त्याने फिरवून बघितलं, शिट्टी मारली, की मग आपण बघायचं. गेल्या शनिवारी करंगळीएवढं टोक निघालं. काय घडवलं होतं! कडा अजून बोट कापतील अशा. मी सवयीने ओरडलो. लॉयडच्या गाईंनी तेवढ्या माना वर केल्या. मी हात पुढे करून कितीतरी वेळ येड्यासारखा उभा राहिलो, मग टोक खिशात टाकून घरी आलो. मला फार एकटं वाटतं, डार्ला. हे तुला कधी लिहिलं नव्हतं.

आता तुझ्या पत्राविषयी.

तू लिहितेस, "डॅडी, बारा वाजता नर्स म्हणाली होती की घरच्यांना बोलवा. आई म्हणाली, त्याचा शनिवार आहे, राहू दे. मी तिचं ऐकलं. तेव्हा तुम्ही वर पिकअपपाशी जेवत असणार, तिथे रेंज असते. माझ्यामुळे तुमची भेट हुकली. मला माफ करा." ही वाक्यं मी इतक्यांदा वाचलीयत की कागद घडीवर फाटायला आलाय.

हे तुझ्या डोक्यात कुणी भरलं तेही मला माहीत आहे. दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये आपण जेवत होतो. व्हर्ना मावशी मोठ्याने म्हणाली, "सख्खी बहीण गेली माझी, पण मला वाईट वाटतं ते वेंडेलचं. पोरीने वेळेवर कळवलं असतं तर बिचाऱ्याला बायकोचं तोंड तरी दिसलं असतं." तू हॅमची थाळी घेऊन दारात उभी होतीस. तू ऐकलंस. मीही ऐकलं. आणि मी मान डोलावली.

त्या मानेसाठी हे पत्र आहे.

मी सगळ्यांना सांगितलं की ओढ्यात रेंज नव्हती, वर आल्यावर फोन दिसला. डार्ला, पिकअप खड्ड्यापासून दहा पावलांवर होता आणि काचा खाली होत्या. फोन मला ऐकू आला.

त्या दिवशी दुपारी भिंतीत एका टोकाचा शेंडा दिसला होता. मधाच्या रंगाचा चकमकीचा दगड, आणि रुंदीवरून वाटत होतं की तळहाताएवढा तरी निघेल. असं टोक ओढून काढायचं नसतं, मोडतं. बांबूच्या काडीने कडेची माती चिमूटचिमूट सोडवत जायची. आणि एकदा दिसलं की ते सोडून उठायचं नाही, हे आम्हा खणणाऱ्यांच्या अंगात इतकं भिनलंय की घर पेटलं तरी आम्ही म्हणू, आलोच. लॉयड पाणी प्यायला वर गेला होता.

"वेंडेल, तुझा फोन कोकलतोय!"

"कोकलू दे."

"डार्लाचं नाव दिसतंय रे."

"दोन मिनिटं. तू खाली ये आणि हे बघ आधी!"

तो आला. त्याने टोकाकडे बघितलंही नाही. फोन परत वाजायला लागला.

"अरे, नेल्डा हॉस्पिटलात आहे ना?"

"सोमवारी घरी सोडतायत तिला. आईला जेवणात जेली मिळाली नसेल, म्हणून बापाकडे तक्रार. तू चाळण धर."

मी हसलो. लॉयड हसला नाही.

खरं सांगू? फोन कशाचा आहे ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तू शनिवारी मला कधी फोन करत नाहीस. पण उचलला नाही तोवर काही झालेलं नव्हतं. माझ्या पुढ्यात माती होती, हातात काडी होती, आणि नेल्डा जिवंत होती. मी भ्यालो, पोरी. हे कारण म्हणून मांडत नाही, तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून लिहितो.

टोक अखंड निघालं. आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात देखणं. मी ते लॉयडपुढे धरलं. त्याने हात मागे घेतला. "आधी फोन कर," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी हॉस्पिटलातून घरी आलो आणि ऐक, मी काय केलं ते. टेबलाशी बसून त्या दगडाच्या पाठीवर शाईने सापडल्याची जागा आणि तारीख घातली. शाई पुसली जाऊ नये म्हणून वरून रंगहीन नेलपॉलिश लावतात. ते आणायला मी तुझ्या आईच्या खणात हात घातला. तिथे तिचे केसांचे चाप होते. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. ते टोक मी काचेच्या पेटीत लावलेलं नाही, कुणाला दाखवलेलंही नाही.

लॉयडने कुठे तोंड उघडलं नाही. दफनानंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरीला सांग. तू सांगेपर्यंत मी तुझ्याबरोबर फावडं धरणार नाही." साडेतीन वर्षं झाली त्याला. हे पत्र लिहितोय हेही त्याला कळवलेलं नाही. सोबत मिळावी म्हणून म्हाताऱ्याने कबुली दिली, असं तुला वाटायला नको.

परवा रविवारी मात्र चर्च सुटल्यावर व्हर्नाच्या घरी गेलो आणि बाराजण जेवायला बसलेले असताना हे सगळं उभ्याने सांगितलं. व्हर्नाने माझ्यासाठी वाढलेली थाळी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी घरी आलो. दर सोमवारी येणारा तिचा जेवणाचा डबा काल आला नाही. येणारही नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझ्याकडे मात्र आता कुणी बोट दाखवणार नाही.

तुझा पहिला फोन एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आला होता. दुसरा एक अठ्ठेचाळीसला. लॉयडच्या फाटकापासून हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. तुझी आई दोन पंचवीसला गेली.

माफी तू मागायची नाहीस, बाळ. मी मागतो, आणि तू ती दिलीच पाहिजेस असं नाही.

त्या दिवशी ज्याला वेळेवर कळलं होतं तो,
तुझा बाप
वेंडेल