एक मूल कमी

बुधवार, मधली सुट्टी

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक. ह्यांचं बेकरीतलं काम चालू आहे, आणि आमची चिमणी सहा वर्षांची असून सासूसारखे हुकूम सोडते.

आपल्या भाषेचा वर्ग सुरू झाला बरं का! कचेरीच्या पायऱ्या तू झिजवल्यास, त्याचं चीज झालं. याच शाळेत इतकी वर्षं मदतनीस म्हणून पोरांची नाकं पुसली, आता मला 'बाई' म्हणतात. गंमत सांगू? मुलं वर्गात आपली भाषा कुजबुजत बोलतात. शाळेत ती भाषा बोलली की ओरडा बसतो, हे अंगात मुरलंय. "मोठ्यानं बोला, आता चालतं," म्हटलं, तर तेही त्यांनी एकमेकांच्या कानात सांगितलं.

पट भरला का, असं तू विचारलंस. नाही भरला. एक मूल कमी पडतंय. महिनाअखेर मिळालं नाही तर वर्ग बंद, असं मुख्याध्यापक म्हणाले. मी दारोदार फिरतेय. काल शिंपीणकाकूंकडे त्यांच्या नातवासाठी घसा कोरडा केला. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि विचारलं, "तुमची चिमणी कुठं बसते?"

मी चहा अर्धा टाकून उठले.

शेजारच्या वर्गात बसते, दादा. मोठ्या भाषेच्या. ह्यांच्यावर ढकलता आलं असतं, पण तिचं नाव मीच घातलं. दुकानात, दवाखान्यात माझी जीभ अडखळते तशी तिची अडखळू नये, एवढंच डोक्यात होतं. भिंतीपलीकडून तिचा खणखणीत आवाज आला की ऊर भरून येतो. त्याच वेळी समोर माझी पोरं कुजबुजत असतात, आणि मान वर करवत नाही. खरं काय मानायचं, मला काही कळेनासं झालंय.

आज सकाळी तिची वेणी घालताना विचारलं, "माझ्या वर्गात येतेस का गं?"

ती म्हणाली, "तिथं आपल्या भाषेत बोलले तर तू ओरडणार नाहीस ना? घरी ओरडतेस तशी?"

मी वेणी उगाचच सोडून परत घातली.

सोमवारी नक्की ये. तिच्याशी आपल्या भाषेत बोल. मी मध्ये पडणार नाही. पडलेच, तर तिच्यासमोर मला ओरड.

तुझी,
लोकांची बाई झालेली धाकटी