फाळक्यावरचा हात

आई,

काल रोह्याला जाऊन आलो. नवी गाडी दाखवायला नेली होती. गाडी म्हणजे आपली नेहमीचीच, बुटाच्या खोक्यात मावणारी, जिला तू 'तुझा खेळ' म्हणायचीस. तुला जाऊन आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण लिहायला बसलो तो कालच्या दिवसामुळे. काल मला एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची होती. ती सांगितली की नाही ते शेवटी लिहितो. आधीचं लिहिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, आणि खरं म्हणजे ते लगेच लिहायचा धीरही होत नाही.

पत्र्याचे छोटे ट्रक बनवणारी आमची मंडळी तुला आठवत असतील. सहा-सात जण होतो. डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपली की माझ्याबरोबरचे लोक घरी जाऊन झोपायचे, मी पत्रा कापायला बसायचो. सुटीचा रविवार आला की पेणहून एसटी पकडायची आणि रोह्याला फिटरकाकांच्या ओटीवर हजर. काका फिटर म्हणून निवृत्त झालेले, हाताने चोख आणि तोंडाने त्याहून चोख. त्यांचा नियम एकच, गाडी खरी पाहिजे. मनातली गाडी चालायची नाही. रस्त्यावर जो ट्रक आहे त्याचंच माप घ्यायचं, चोविसाव्या हिश्श्याएवढं लहान करायचं आणि तसाच्या तसा उतरवायचा. पोचा असेल तर पोचा, गंज असेल तर गंज. आमच्यातल्या एकाचा कोलाडला हायवेवर ढाबा आहे. तिथे जेवायला थांबलेल्या ट्रकखाली आम्ही टेप घेऊन शिरतो, आणि ड्रायव्हर ताटावरून ओरडतो, "ओ, काय चोरताय?" ढाबेवाला त्याला शांतपणे सांगतो, "काय नाय हो, पोरगी बघायला आलेत, पसंत पडली तर सांगतील." एकदा माझ्या गाडीच्या पुढच्या टायरना रबर मिळेना, तर काकांनी आपल्या पायातली स्लीपर कापली आणि अनवाणी मला स्टँडवर सोडायला आले. हे मुद्दाम लिहितोय, आई. अशा माणसांशी मी खोटं बोललो.

तू हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं आखणी केलीस. बाकीच्या बायका सोवळं रंगवायच्या, दागिने रंगवायच्या, आणि डोळ्यांपाशी आलं की मूर्ती तुझ्यापुढे सरकवायच्या. श्वास आत धरून एक रेघ ओढायची, मग श्वास सोडायचा, मग दुसरी. मी ते लहानपणापासून बघत होतो आणि त्यात विशेष काही आहे असं मला कधी वाटलं नाही. मग एके दिवशी मी रंगवताना बिघडलेला फाळका तिसऱ्यांदा का चौथ्यांदा पुसत बसलो होतो. फाळका म्हणजे ट्रकच्या मागची खाली पाडायची फळी, जिच्यावर मोर, कमळं, मुलांची नावं असतात. माझा फाळका चार बोटांएवढा. तू चुलीपाशी भाकऱ्या थापत होतीस. "आन इकडं," म्हणालीस, "पुसून पुसून पत्रा झिजवशील." हात धुतलेस, पदराला पुसलेस, खिडकीत उजेडाला बसलीस आणि तव्यावरची भाकरी मला उलटायला लावलीस. मी भाकरी करपवली. तोवर तुझे दोन मोर काढून झाले होते. मोराचा डोळा खसखशीच्या दाण्याएवढा, आणि तो बघत होता.

रोह्याला काकांनी तो फाळका भिंगाखाली धरला. दोन्ही मोर एकेक करून बघितले. मग म्हणाले, "हा तुझा हात?" मी म्हणालो, "हो." एवढंच. विचार करून बोललो नाही, पण नंतर विचार करायला अख्खी परतीची वाट होती, तेव्हाही मागे फिरलो नाही. घरी आलो तर तू दारातच. "काय म्हणाली मंडळी?" म्हटलं, खूश झाले. "सांगितलंस ना, आईनं काढलं म्हणून?" "सांगितलं की." एका दिवसात दोन. पुढे मी स्वतःची समजूत घालायचो, की आईकडून रंगवून घेतो म्हटल्यावर हसतील. कोणी हसलं नसतं. मला ते कौतुक गोड लागलं होतं आणि ते वाटून घ्यायचं नव्हतं, बाकी काही नाही. तशा सहा गाड्या झाल्या. दर खेपेला तू विचारायचीस, आणि मी काकांचं कौतुक तुझ्या नावाने तुझ्यापर्यंत आणून पोचवायचो. तू लाजायचीस.

मग एका रविवारी मंडळी स्वतःच निघाली. "दर वेळी तू येतोस, आता आम्ही पेणला येतो," म्हणाले. मला नाही म्हणता येईना. तू वालाचं बिरडं केलंस, तांदळाच्या भाकऱ्या केल्यास. मावशीच्या मुलाच्या लग्नातली जरीकाठाची साडी नेसलीस. आणि तुझे ब्रश धुऊन, पुसून, स्टीलच्या पेल्यात खिडकीत मांडून ठेवलेस. कोणी विचारलं तर दाखवायला हाताशी असावेत म्हणून. मी ते बघितलं आणि पाट मांडत राहिलो. अजून सांगायला वेळ होता, आई. ते स्टँडवरून चालत येईपर्यंत पंधरा मिनिटं होती. काका आत आले, खिडकीशी गेले आणि पेला उचलून म्हणाले, "बघा रे, ब्रश कसे ठेवलेत ते! ताई, हात तर देवानं दिलाच हाय, पण शिस्तपण हाय तुमच्या मुलाला." तू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, डोळ्याची एक रेघ ओढायला लागतो तेवढाच. मग म्हणालीस, "व्हय, बारीक असल्यापासून तसाच हाय तो. बसा, भाकरी निवतेय." आणि सगळे जेवायला बसले. ढाबेवाला स्वतः ढाबा चालवणारा माणूस, त्यानेही तीनदा बिरडं मागून घेतलं.

ते गेल्यावर मी ओरडा खायला तयार होऊन बसलो होतो. तू ओरडली नाहीस. मोरीत भांडी घासता घासता, पाठमोरीच, म्हणालीस, "निदान मला तरी खरं सांगायचंस. साडी तरी नेसले नसते." बस, एवढंच. त्या विषयावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस. तू चार शिव्या दिल्या असत्यास तर मी दुसऱ्याच दिवशी रोह्याला जाऊन सगळं सांगून टाकलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण ही पण माझीच सबब. दोष पुन्हा तुझ्याच अंगावर.

आणि एवढं होऊनही मी थांबलो नाही. पुण्यात मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं आणि आमच्या मंडळींना पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. मी कोलाडला बघितलेला एक निळा ट्रक करायला घेतला. त्याच्या फाळक्यावर दोन मोर आणि मधे लिहिलेलं, 'आईची कृपा'. तू फोटो बघून हसलीस. "माझीच कृपा मीच लिहू? बाई शेफारली म्हणतील." त्याच महिन्यात पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काचबिंदू आहे, डोळ्यात दाब फार आहे, ऑपरेशनला उशीर करू नका. त्यांनी तारीख दिली. ती तारीख मी पुढे ढकलली. कारण विचारशील तर फाळका. ऑपरेशन झाल्यावर तू कितीतरी दिवस ब्रश धरू शकणार नव्हतीस. तू खिडकीत बसायचीस, मान वाकडी करून, उजवा डोळा पत्र्याजवळ नेऊन. एकदा म्हणालीस, "हल्ली रेघ पळते रे." मी म्हणालो, "एवढी एक होऊ दे, आई." अडीच महिने गेले. नंतर डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता तुम्ही? माझ्याआधी तूच बोललीस. "गणपतीचा सीझन होता. मीच आले नाय." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्या डोळ्याने तू पुढची चार वर्षं तांदूळ निवडलेस, पण कारखान्यातून आखणीला बोलावणं आलं नाही. प्रदर्शनात मिळालेलं प्रशस्तिपत्र मी घरी आणलं तेव्हा तू ते उजव्या बाजूला धरून वाचलंस आणि देवांच्या फोटोंशेजारी लावलंस. माझं नाव होतं त्याच्यावर.

तेव्हापासून माझे सगळे ट्रक माल उतरवताना दिसतात. फाळका खाली पाडलेला, म्हणजे त्याची रंगवलेली बाजू आत वळून लोंबते आणि कोणाला दिसत नाही. मागे विटा, कांद्याच्या गोण्या, पेंढ्यात बांधलेल्या मूर्ती. मंडळींना वाटलं, ही माझी खास तऱ्हा. नवीन आलेल्यांना काका कौतुकाने सांगतात, "याचा फाळका कायम पडलेला असतो."

गेलं वर्षभर मी तुझा सगळ्यात बारीक ब्रश घेऊन त्याच खिडकीत बसतोय. श्वास आत धरून बघितला. तोच निळा ट्रक पुन्हा केला आणि या खेपेला फाळका लावून बंद केला. 'आईची कृपा'मधला 'कृ' कलंडलाय. एक मोर रस्त्याकडे बघतो, दुसरा आभाळाकडे. मी फाळका मुद्दाम तसाच ठेवला, कारण मनाशी ठरवलं होतं की तो बघून मंडळी विचारतील आणि मी सांगेन. हा माझा हात, आणि तो आधीचा सगळा माझ्या आईचा होता. वाक्य पाठ केलं होतं. एसटीत खोकं मांडीवर धरून नागोठण्यापर्यंत तेच घोकत होतो.

काकांनी फाळका भिंगाखाली धरला. आता त्यांचंच भिंग हलतं. ढाबेवाल्याने हळूच विचारलं, "हात थरथरला काय रे?" मी तोंड उघडलं. पण त्याआधी काकाच त्याच्यावर खेकसले, "थरथरेल नाय तर काय होईल? अक्षरं बघ कुठली लिहिलीत त्यानं. आई गेल्यावर ते लिहिताना कोणाचा हात सरळ राहील?" आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. ढाबेवाला खाली बघत होता. सगळे माझ्यासाठी थांबले होते, आई, एकही जण घाई करत नव्हता. मी मान हलवली.

पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं, आणि काकांनी ती गाडी सगळ्यांच्या मधे मांडली. हे पत्र मी तुझ्या ब्रशच्या पेल्याखाली ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. काकांचा हात खांद्यावर होता ना, तेव्हा मला बरं वाटलं.