एकाहत्तर आणि अडतीस

मी, गुरुनाथ भास्कर पांढरीपांडे, वय वर्षे त्रेपन्न, मूळचा नागपूरच्या धरमपेठेतला, हल्ली मुक्काम शुगर लँड, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, यकृत नाही. डॉक्टर प्रीता यांनी तपासून दोन्ही गोष्टी लेखी दिल्या आहेत. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हे वाक्य वकीलबाईंनी घालायला सांगितले म्हणून नव्हे, तर दबाव म्हणजे काय हे मला नीट माहीत आहे म्हणून लिहिले आहे. कायद्यासाठी इंग्रजी प्रत वेगळी आहे. ही तिला जोडावी.

कलम १. राहते घर, निवृत्तीची शिल्लक आणि गाडी पत्नी विनीता हिला. घर ठेवायचे की विकायचे, हे तिचे तिने ठरवावे. मंडळातले लोक सल्ला द्यायला येतील, त्यांना चहा द्यावा. एसीचे बाहेरचे युनिट मे महिन्यातच साफ करून घ्यावे, नाहीतर ते जुलैत हमखास बंद पडते.

कलम २. माझे साडू राजीव यांना माझ्या जुन्या फुटबॉल संघाचे जाड हिवाळी जाकीट द्यावे. दर गणपतीत त्यांनी मला चारचौघांत विचारले, "काय गुरुनाथराव, अजून बॉलच्याच नोकरीत?" इथे ह्युस्टनच्या उकाड्यात ते जाकीट घालता येत नाही, हे मला माहीत आहे.

कलम ३. त्या नोकरीतल्या बेचाळीस वह्या कपाटात आहेत. त्यांचे काय करायचे हे सांगण्याआधी त्या कशाच्या आहेत ते सांगतो, कारण घरात मी ते कधी धड सांगितले नाही.

वर्क व्हिसावर मी सॉफ्टवेअरसाठी आलो आणि कॉन्ट्रॅक्टवर एका थंड गावातल्या फुटबॉल संघाचा डेटाबेस बांधायला गेलो. तिथेच राहिलो. अमेरिकन फुटबॉलमध्ये दर एप्रिलला ड्राफ्ट असतो. कॉलेजातून बाहेर पडणारी मुले संघ पाळीपाळीने निवडतात, आणि जो संघ सर्वांत वाईट हरला त्याची पाळी पहिली. सगळे शोधत असतात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे फेकणारा, खेळ चालवणारा. तो एक योग्य मिळाला की संघाला पुढची बारा वर्षे चिंता नसते. चुकीचा मिळाला की प्रशिक्षक जातो, मॅनेजर जातो आणि पुन्हा पहिल्यापासून स्थळे बघणे सुरू होते. मी तेरा ड्राफ्ट पाहिले. आम्ही चार क्वार्टरबॅक निवडले. एकही टिकला नाही.

मला हा खेळ हॉलिस ग्रिग्स यांनी शिकवला. ते संघाचे स्काउट, म्हणजे गावोगाव फिरून मुले पाहणारे. टेक्सास आणि लुइझियानातली प्रत्येक शाळा आणि कॉलेज त्यांनी ट्रकने पालथे घातले होते. ते मुलाच्या प्रशिक्षकाशी आधी बोलत नसत. आधी शाळेच्या सफाई कामगाराशी आणि गावातल्या टायरवाल्याशी बोलत. मला म्हणाले होते, "गुरू, चेंडूकडे बघू नकोस. तो सगळेच बघतात. पोराला जोरात पाडलं की पुढच्या खेळीत त्याचे पाय कुठे असतात ते बघ." मी तेच बघू लागलो. शेकडो तासांचे व्हिडिओ, पाडल्यानंतरची प्रत्येक खेळी, मोजून. त्यातून शंभरपैकी एक आकडा निघे, जितका जास्त तितका मुलगा भरवशाचा.

कलम ४. तेरा वर्षांपूर्वीच्या एप्रिलात आमची पाळी तिसरी होती. दोन मुले शिल्लक राहणार, असा अंदाज होता. एक साडेसहा फुटी, गोरापान, ज्याचा हात तोफेसारखा चाले. जनरल मॅनेजर मि. स्ट्रॅटन यांचे मन त्याच्यावर बसले होते. दुसरा रेमी गिड्री, लुइझियानातल्या मासेमारीच्या गावातला, उंचीला कमी. माझा आकडा रेमीला एकाहत्तर आणि उंच मुलाला अडतीस होता. इतका फरक मला आधी कधी दिसला नव्हता. मी तीनदा तपासला.

ड्राफ्टच्या आधीच्या मंगळवारी दुपारी शेवटची बैठक होती. बैठकीच्या आधी मि. स्ट्रॅटन कॉरिडॉरमध्ये भेटले. म्हणाले, "तुझ्या ग्रीन कार्डचे कागद माझ्या टेबलावर आलेत. या आठवड्यात बघतो." एवढेच. धमकी नव्हती. कदाचित खरोखरच एवढेच सांगायचे असेल. पण अनिका तेव्हा दोन वर्षांची होती आणि माझ्या व्हिसाचे सात महिने उरले होते.

खोलीत हॉलिस उभे राहून बोलले. "उंच पोरगा पडला की उठल्यावर मागे मागे जातो. रेमी जात नाही. छत्तीस वर्षं मी हे काम करतोय. रेमीला घ्या."

मि. स्ट्रॅटन माझ्याकडे वळले. "गुरू, कॉम्प्युटर काय म्हणतो?"

मी म्हणालो, "सर, फारसा फरक नाही. कॉइन टॉस आहे."

हॉलिस माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले.

कलम ५. आम्ही उंच मुलाला घेतले. रेमी दुसऱ्या फेरीत दुसऱ्या संघाकडे गेला आणि अकरा मोसम खेळला. उंच मुलगा तीन वर्षांत संपला. तो वाईट नव्हता. प्रत्येक सामन्यानंतर मला येऊन विचारायचा, "मी कुठे चुकतोय, तुमच्या डेटात दिसतं का?" दिसत होते. तो घाबरत होता, आणि त्याला घाबरण्याच्या जागी आम्हीच उभे केले होते.

त्या ड्राफ्टनंतर लगेच, मे महिन्यात, हॉलिस यांना काढले. अठ्ठावन्न वर्षांच्या स्काउटला दुसऱ्या कोणी घेतले नाही. ते टेक्सासातल्या बोमाँटला परत गेले आणि शाळेची बस चालवू लागले. मला ग्रीन कार्ड मिळाले, मग बढती मिळाली. मि. स्ट्रॅटन यांनाही चार वर्षांनी काढले. त्यांच्याविषयी मनात राग होता, तो मी इथे संपवतो. त्यांनी मला प्रश्न विचारला होता. उत्तर माझे होते.

कलम ६. वह्या हॉलिस यांना द्याव्यात, असे या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात होते. ते त्यांना विचारायला मी गेल्या महिन्यात बोमाँटला गेलो. गाडी अनिकाने चालवली. तिचे लर्नर्स परमिट आहे, आणि मला आता दोन तास चालवणे होत नाही.

हॉलिस एकाहत्तर वर्षांचे झालेत, गुडघे गेलेत. अंगणात खुर्च्या टाकून बसलो. अनिकाही बसली. मी तिला आत जायला सांगणार होतो, पण सांगितले नाही. इतक्या वर्षांनी मी त्यांना आकडे सांगितले.

ते म्हणाले, "मला माहीत होतं. त्या दिवशी सकाळी प्रिंटरवरून तुझा कागद मीच उचलला होता."

"मग खोलीत ते आकडे का सांगितले नाहीत?"

"तो कागद तुझा होता, गुरू. बोलायला तू हवा होतास."

मग ते उठून आत गेले. त्यांनी अनिकाला लिंबू सरबत आणून दिले, तिच्या शाळेबद्दल विचारले. वह्यांचे विचारल्यावर मान हलवली. "नकोत. ती पोरं मी प्रत्यक्ष पाहिलीत." पैसे, आठवण म्हणून घड्याळ, काहीच नको म्हणाले. निघताना त्यांनी विचारले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा नियम आहे ना?" मी हो म्हणालो. "मग मी सही करायला येतो. पण त्यात हे सगळं लिहिलेलं असलं तरच."

परतीच्या वाटेवरही गाडी अनिकाच चालवत होती. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "बाबा, वॉज इट बिकॉज ऑफ मी?"

मी म्हणालो, "नाही. मला भीती वाटत होती, आणि मी तुझं नाव सांगत आलो. स्वतःलासुद्धा."

तिने इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि म्हणाली, "ओके. थँक्स फॉर टेलिंग मी."

कलम ७. म्हणून, बेचाळीसपैकी एकेचाळीस वह्या रद्दीत द्याव्यात. त्या एप्रिलची वही कन्या अनिका हिला. फुटबॉल तिला आवडत नाही आणि आवडावा अशी अपेक्षा नाही.

कलम ८. अंत्यसंस्कार इथेच करावेत. माझ्यासाठी कोणी नागपूरहून येण्याची धावपळ करू नये. मी फार दमलो आहे, आणि मला निरोप देणाऱ्यांनी दमू नये अशी इच्छा आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना इंग्रजीत सांगून, त्यांच्यासमोर सही केली.

गुरुनाथ भास्कर पांढरीपांडे
शुगर लँड, फोर्ट बेंड काउंटी, टेक्सास
दिनांक ११ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: डॉ. प्रीता देवस्थळी, शुगर लँड. सही.

साक्षीदार २: हॉलिस ग्रिग्स, बोमाँट. सही. या मृत्युपत्रान्वये यांना काहीही मिळत नाही.