दारातला लोटा

वर्धा,
रविवार, १२ जानेवारी १९५८

गुलाबदादास पंचफुलाचा जयभीम.

तुझं पत्र काल भेटलं. मी बरी आहे. नर्सिंगच्या होस्टेलात थंडी लय, अन् भाजीत तिखट म्हणून नसते. बाबांच्या गुडघ्याले तेल लावत जाजो. तूर कशी आहे?

हे सारं मी उगाच लिहून राह्यली. तुझ्या पत्रातली एकच गोष्ट डोळ्यापुढून हटत नाई. कमलावहिनी बाळंतपणापासून झोपत नाई, पोराले जवळ घेत नाई, एकटीच हसते, अन् बाबा म्हणतात तिले गोठ्यात बांधा, आपोआप ताळ्यावर येईल.

या महिन्यात आमाले मनाचे आजार शिकवून राह्यले. पहिल्या दिवशी पोरी खिदळत होत्या, मी मात्र मान खाली घालून बसलती. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, एखाद्या बाळंतिणीले असं होते. ही बाहेरची बाधा नाई, आजार आहे, वेळेवर दवाखान्यात आणलं तर पुष्कळ बाया बऱ्या होतात. मग रोगी अंगावर धावून आला तर कसं बांधायचं ते दाखवलं. मऊ पट्टी घ्यायची, आत दोन बोटं गेली पाहिजेत, कोणीतरी जवळ बसायचं, पाणी पाजायचं. मले पुढं बोलावलं. मी एका झटक्यात गाठ मारली. एक बोट शिरंना! सिस्टर म्हणाल्या, "अगं, हे कुठं शिकलीस?"

"बैल बांधून," मी म्हटलं.

खोटं बोलली मी. आपल्या धाकट्या चिंधूच्या जन्मानंतर मायले असंच झालतं. तू तवा हिंगणघाटच्या गिरणीत होता. माय तापानं गेली म्हणून तुले कळवलं. ताप होताच रे, पण ती गोठ्यात खुंट्याले बांधलेली होती. बाबांनी तिचे हात धरले अन् गाठ मी मारली. नऊ वर्षांची होती मी.

तापात ती पाणी मागून राह्यलती. "पंचफुले, पाणी दे वं." मले तिचं भेव वाटे, धरंल, चावंल असं वाटे. मी लोटा दारातच ठेवला अन् पळाली. तिचा हात तिथवर पुरत नाई हे मले ठाऊक होतं. सकाळी माय गेलती अन् लोटा तसाच भरलेला होता. मी तो गुपचूप सांडून दिला. आजवर घरात कोणाले सांगितलं नाई.

आताही भेवच वाटून राह्यलं. बाबांनी दोर काढला असंल तर? टपालाले उशीर होईल म्हणून हे पत्र इथं आलेल्या आपल्या शेजारच्या अण्णाजींच्या हाती देते, ते आजच गावाकडं निघाले. सिस्टरले मी सारं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, घेऊन ये, खाट मिळंल. मंगळवारी सकाळच्या मोटारीनं मी येते. बाबा चिडले तर चिडू दे. तोवर वहिनीले एकटी सोडू नको, लेकरालेही तिच्याजवळ एकटं ठेवू नको. बांधलं असंल तर वाचल्याबरोबर सोड. गाठ सुटत नसंल तर विळा लाव.

अन् पाणी तिच्या हातात देजो. दारात ठेवू नको.

तुझी बहीण,
मायची गुन्हेगार,
पंचफुला