परत न गेलेला डबा

बाई, ओळखलंत का मला? नसेलच ओळखलं. गगनबावड्याच्या पावसात छत्री विसरून येणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं मी पाहिलं नाही. एका पावसाळ्यात तीन छत्र्या घालवल्यात, आणि तिसरी तर आमच्याच गोठ्यात, पाठीवर गळतं म्हणून वासरावर धरलेली सापडली. तुमच्या शाळेत पहिल्या ओळीत बसणारी, हसताना तोंडावर हात धरणारी पोरगी आठवते? तिची आई मी. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि तिची लेक, माझी नात, लिहिते. तुम्ही दोनदा पाटी घेऊन माझ्या दारात आला होतात. एकदा मी भांडी घासत होते, आणि एकदा, आता खरं सांगते, तुम्हाला लांबून बघून भांडी घासायला बसले.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. रोप लावून झालं आणि नदी शेतात येऊन बसली ती आठ दिवस उठलीच नाही. पाणी ओसरलं तेव्हा खाली नुसता गाळ. तुम्ही मंगळवार पेठेत, तुमच्या माहेरच्या गल्लीत, बायकांकडून मदत गोळा केलीत असं कळलं, तेव्हा आम्हाला वाटलं जुनी लुगडी येतील, ज्वारी येईल. तुम्ही आणलेत पैसे. शाळेच्या ओसरीत आम्ही बायका ओळीनं उभ्या, आणि पाटील म्हणतात, "बाई, बायकांच्या हातात रोख देताय व्हय? उद्या समद्या नव्या बांगड्या भरून येतील की!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "येऊ देत. शोभतील." माझ्या लुगड्याचं पाणी निथळत होतं. तुम्ही स्वतःच्या पितळी डब्यातली भाकरी काढून हातात धरलीत आणि नोटा डब्यात घालून डबा मला दिलात. मी विचारलं, "कशाला खर्चू, बाई?" तर केवढ्यानं रागावलात! "ते मला विचारायचं नाही. तुझं घर मला जास्त ठाऊक की तुला?" मला आयुष्यभर सगळ्यांनी रागावून गप्प केलं होतं. बोल म्हणून रागावणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

घरी मामंजी वाटच बघत होते. पलीकडच्या गावच्या बिजवरानं आमच्या पोरीला मागणी घातली होती. पोर अकरा वर्षांची. मुलगी द्या, वर्षाचा भात देतो, असा त्याचा सांगावा. पंगतीला पैसा नव्हता म्हणूनच लग्न अडलं होतं. मामंजी वाईट नव्हते हो. स्वतः दिवसातून एकदा पेज पिऊन राहायचे, नातवंडांच्या ताटाकडे बघायचे नाहीत. म्हणाले, "दे हिकडं. लगीन उरकून टाकू. पोरीला पोटभर तरी मिळंल." मी डबा पुढं केला. त्यांनी तो न उघडता देव्हाऱ्यात ठेवला आणि हात जोडले. आत नोटा नव्हत्या. वाटेतच पोरीच्या दप्तरातल्या जुन्या वहीची पानं घड्या घालून भरली होती मी. देवापुढं असलं केलं, ते देवानं कुठं लिहून ठेवलं असेल तर तुमच्या वहीवर घाला.

नोटा दिल्या कारभाऱ्यांना. बापापुढं तोंड न उघडणारा माणूस, पण बाजारातनं म्हैस घेऊन आला. गाभण, धिप्पाड, आणि एकच शिंग. दुसरं मोडलेलं, म्हणूनच आमच्या पैशात बसली. मामंजी दारात उभे. "आरं, एकच शिंग?" कारभारी खाली बघत म्हणतात, "आबा, दूध शिंगातनं येत न्हाय." मी पदर तोंडात धरला. मामंजींनी जाऊन डबा उघडला, पानं काढली आणि ती उलटी धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले. पोरगी पुढं झाली, पान सुलटं केलं आणि वाचायला लागली. नदीवरचा निबंध होता, तुम्हीच घातलेला. एक पान झालं, दुसरं झालं. मामंजी खाली बसले. वाचून संपलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आनि?" म्हैस व्यायल्यावर दूध रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात जायला लागलं, आणि बिजवराचा माणूस पुन्हा आला तेव्हा मामंजींनी त्याला चहा पाजला. "भात दुसरीकडं द्या, पावणं. आमची पोरगी शिकत्या."

आता डब्याचं. चीक विकायचा नाही, वाटायचा, आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी खरवस केला, डबा काठोकाठ भरला, आणि पोरीला घेऊन शाळेकडं निघाले. तुम्हाला कधी सांगितलं नाही, बाई. त्या वर्षात आमच्या दोघींच्या जिभेला गोड लागलं नव्हतं. बांधावर टेकलो, म्हटलं एक वडी खाऊ. मग दुसरी. डबा चाटून पुसून निघाला. आता रिकामा डबा कसा द्यायचा? पुढच्या वेताला देऊ म्हटलं, तर उन्हाळ्यात तुमची बदली झाली, आणि मग तुम्ही देवाघरी गेल्याचंच कळलं. बदलीआधी एकदा तुम्ही आमच्या चुलीपाशी चहा प्यायलात. फळीवरच्या डब्याकडं बघितलंत आणि काही बोलला नाहीत. विसरभोळ्या होतात म्हणून, असंच मी इतकी वर्षं धरून चालले. छत्र्या विसरलात खऱ्या, पण डबा विसरला नव्हतात.

हे पत्र राहू दे ग पोरी, कुणाला धाडायचं? काल म्हैस व्यालीय. डबा घासून घे, खरवस कर. गूळ घाल, साखर नको, वेलदोडे सढळ हातानं. मंगळवार पेठेत बाईंची भाची राहते, तिच्या हातात नेऊन दे. आणि वाटेत कुठं टेकायचं नाही.