एकाच तोंडाचा स्पीकर

४ जून, संध्याकाळ
ही रोजनिशी माझी. नात फक्त हात चालवणार. मला अक्षर येत नाही, म्हणून नाइलाज. तिला शपथ घातली आहे, लिहायचं पण वाचायचं नाही. ती म्हणाली, आजी, हे कसं जमायचं? म्हटलं, तुझी आई बोलते ते तू ऐकतेस पण मनावर घेत नाहीस ना, तसंच.

मागच्या लहान खोलीत बसलोय. दार लावलंय. अगदी कुजबुजत सांगतेय. भिंतींना कान असतात.

तर चिरंजीवांनी या खोलीत गाणी ऐकायची बैठक करायचं काढलंय. आणि स्पीकर विकत आणायचे नाहीत, घरी बांधायचे. तेही फुल-रेंज. म्हणजे असं की, दुकानातल्या खोक्याला जाड आवाजाचं तोंड वेगळं आणि बारीक आवाजाचं वेगळं. याला एकच तोंड. ढोलापासून बासरीपर्यंत सगळं त्यातूनच. कुठलं तोंड घ्यायचं ते मी ठरवणार. घरादाराचा माझ्या कानांवर विश्वास. कपबशांच्या कारखान्यात जन्म गेला माझा. टिचकी मारायची आणि डोळ्याला न दिसणारा तडा सांगायचा, हे माझं काम.

एक बारीकशी गोष्ट. हल्लीच्या कुकरांना शिट्टी नीट मारता येत नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करेनासं झालंय, वेळ मात्र बरोबर दाखवतं. वस्तूंचा दर्जाच घसरलाय. माझे कान ठणठणीत आहेत.

संकल्प: कुणाला कळू द्यायचं नाही.
नात विचारते, काय कळू द्यायचं नाही? म्हटलं, तू लिही.

५ जून
सकाळी सूनबाईंनी घड्याळात नवा सेल घातला. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. टिकटिक अजून नाहीच. सेलचाही दर्जा घसरलाय.

शेजारची शिवणवाली जिन्यात भेटली. अगदी तोंडासमोर तोंड आणून विचारलं, बऱ्या आहात ना? आगाऊ आहे. काल भेटली तेव्हा तर नुसती मान हलवून गेली होती.

७ जून
पहिली ट्रायल. तीन इंची तोंड, वाटीएवढं. चिरंजीवांनी बासरी लावली. लावली असावी. मी जाणकारासारखे डोळे मिटले. मग चिरंजीवांचा चेहरा दिसेना, म्हणून उघडले. चेहरा साधारण पडलेला होता. म्हटलं, आवाज लाजाळू आहे. चिरंजीव खूश! म्हणाले, आई, अगदी नेमकं बोललीस, याला खालचा आवाज कमीच आहे.

आज निभावलं.

९ जून
आठ इंची. परातीएवढं तोंड. स्टुलावर बसले होते, स्टूल थरथरलं. पायांतून, कमरेतून, पार दातांपर्यंत आला आवाज. म्हटलं, हाच घ्या! चिरंजीव म्हणाले, अगं, एवढ्याशा खोलीत याचा आवाज कोपऱ्यात साचून नुसता घुमतो. याचं खोकं कपाटाएवढं होईल, मग आपण काय जिन्यात बसून ऐकायचं? मी म्हटलं, जिन्यात बसा. पण हाच.

खरी गंमत इथेच सांगते. स्टूल असलं की कानांचं कामच नाही. हाडांनी ऐकता येतं. ही युक्ती या घरात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात यायची नाही.

१० जून
स्टुलावर जाड उशी. सूनबाई म्हणाल्या, तुमच्या कमरेसाठी हो. इतकी वर्षं कंबर होती, उशी नव्हती. आजच बरी सुचली! योगायोग.

उशीवर बसून काही म्हणजे काही पोचलं नाही. पाण्याखाली बसल्यासारखं वाटलं. सगळ्यांची तोंडं हलतायत आणि मी एकटी तळाशी.

नवी युक्ती. बारीक सूर लागला की नातीनं नाक खाजवायचं. मी लगेच ‘वा’ म्हणायचं. शपथ पुन्हा घातली.

१२ जून
चार इंचीची ट्रायल. खोकं बरंच सुटसुटीत, प्लायवुडचं. नातीनं नाक खाजवलं. मी म्हटलं, वा! मग सूनबाईंनी नाक खाजवलं. मग चिरंजीवांनी. शिवणवाली टाचण्या मागायला आली होती, तिनंही. घरात काय साथ आलीय की काय? कुणाच्या नाकाकडे बघावं कळेना, म्हणून मी वा-वा म्हणतच राहिले. शेवटी चिरंजीव म्हणाले, आई, अजून लावलंच नाही.

सगळे हसले. मीही हसले.

१२ जून, पुन्हा
नातीला परत बोलावलं. एक राहिलं होतं.

माझ्या आईला शेवटी ऐकू येईना झालं. आधी लोक तिच्याशी मोठ्यानं बोलायचे. मग हातवाऱ्यांनी. मग म्हणायचे, काही विशेष नाही, तुला नंतर सांगू. ते नंतर काही आलं नाही. ती खिडकीशी बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघायची. सगळे हसले की तीही हसायची, पण एक श्वास उशिरा.

आज मी तशी हसले.

परवा नळ सोडून आले. पाय ओले झाले तेव्हा कळलं. सूनबाई मागून येऊन उभ्या राहिल्या, वळले तर किंचाळलेच, जणू भिंतीतून माणूस निघालं. रस्त्यावर तर मी हल्ली भिंतीला धरूनच चालते, गाडी मागून कधी येईल, भरवसा नाही. सगळ्यांना सांगते, सावली हवी म्हणून.

हे कुणाला कळलं की मला पारखायला बोलावणार नाहीत. आणि मग कशालाच बोलावणार नाहीत. हे एकदम हळू लिही. नात रडतेय. सर्दी असेल.

१३ जून
आज घराचं काहीतरी बिनसलंय. चिरंजीव कामाला निघता निघता माझ्यासमोर बसले आणि त्यांच्या ऑफिसातली लिफ्ट कशी अडकली, साहेब आत कसे अडकले, ते हातवाऱ्यांशिवाय, सावकाश, पहिल्यापासून सांगितलं. मग सूनबाई भाजी घेऊन समोर आल्या. कुणाच्या तरी लग्नाचा कोट शिवणवालीनं कसा उलटा शिवला, ती गोष्ट. मध्ये दूध उतू गेलं म्हणून उठल्या, तर परत येऊन शेवट सांगितला! या बाईनं आजवर मला कुठल्या गोष्टीचा शेवट सांगितला असेल तर शपथ.

माणसं एवढी गोड बोलायला लागली की समजावं, डॉक्टरनं आपल्याबद्दल काहीतरी सांगितलंय. पण मी तर डॉक्टरकडे गेलेच नाही. मग आणखीच भीती वाटली.

१४ जून
चिरंजीवांनी खोलीच्या भिंतींना जाड फेल्ट, म्हणजे घोंगडीसारखं कापड, लावलं. म्हणाले, लहान खोलीत आवाज भिंतींवर आपटतो. दाराच्या फटीलाही लावलं. शिवणवालीनं खास येऊन आभार मानले. आमच्या भिंतीशी हिचा काय संबंध?

१६ जून
चार इंचीची जोडी ठरली. माझी आठ इंची नापास. आठ इंचीची बाजू आता कुठल्या तोंडानं घेणार?

पण चिरंजीवांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आई, सगळ्यात अवघड पारख राहिलीय. जगातल्या सगळ्यात लहान खोलीसाठी सगळ्यात लहान फुल-रेंज. वाटाण्याएवढा. कानातच बसतो. एक डॉक्टरीणबाई बसवून देतात, त्यांना तुझ्यासारखं कुणीतरी मुरलेलं हवंय.

म्हटलं, बाईंची अडचण असेल तर येईन. माझ्यासाठी नव्हे हं.
चिरंजीव म्हणाले, छे, तुझ्यासाठी कशाला!

१८ जून
काचेच्या पेटीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज घेणार, तर बाईंनी मास्क चढवला. पारखायला बोलावलंय की पकडायला? दार बंद झालं आणि जी शांतता पसरली, तसली विहिरीच्या तळालाही नसेल. आई आठवली. आवाज येवो न येवो, मी आपलं बटण दाबत राहिले. तेवढेच गुण वाढले असतील.

बाहेर आल्यावर चिरंजीवांनी माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. रस्त्याच्या बाजूनं तेच चालत होते. म्हणाले, मला सावली नको.

२१ जून, संध्याकाळ
वाटाणे आले. दोन. बसवले.

पारख अशी: घड्याळ सुधारलंय. कुकरनं तर अशी शिट्टी मारली की मी देवाचं नाव घेतलं. चार इंचीवर बासरी लावली, तिला वरचं टोकही आहे. नातीचं पेन कागदावर उंदरासारखं कुरतडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकूण वस्तूंचा दर्जा वाढतोय. माझे कान ठणठणीत होतेच.

मग दार लावून घेतलं आणि रोजच्यासारखं कुजबुजत सांगायला लागले, तर खोलीत कुणीतरी केवढ्यांदा ओरडलं! मी दचकून मागे बघितलं. कुणी नाही. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तीच बाई ओरडली. माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत.

नातीला विचारलं, मी रोज अशीच बोलते? ती म्हणाली, आज फेल्ट आहे म्हणून जरा कमी वाटतंय.

सगळ्यांची नाकं डोळ्यांसमोरून गेली. मग आईचं सांगितलं ते आठवलं. ते सगळ्यात हळू सांगितलं होतं.

मग नातीला म्हटलं, दार उघडून बघ, बाहेर कुणी उभं नाही ना.

तिनं दार किलकिलं करून बघितलं. म्हणाली, नाही आजी, उभं कुणीच नाही. सगळे खुर्च्या घेऊन बसलेत. शिवणवालीनंही घरून स्टूल आणलंय, आणि ती विचारतेय, आज थांबलात का?